शाळेतला वाफा आणि सरकारचा हिशेब

खिचडीतून भाजीचे तुकडे वेचून ताटाच्या कडेला सारणारे मूल कोणत्याही शाळेत दिसते. त्यावरून ‘मुलांना भाजी आवडतच नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो बरोबर मात्र नाही. मुखेडसारख्या डोंगराळ, कोरडवाहू तालुक्यात अंबाडी, तांदुळजा, घोळ, करडईचा कोवळा पाला हे पिढ्यान्‌पिढ्यांचे खाणे होते. सोयाबीन आणि कापसाने शेत व्यापले, तणनाशकाने बांध साफ केले, आणि जे रानात फुकट मिळे ते आठवडी बाजारातून विकत आणण्याची पाळी आली. शिवाय पालेभाजी हे गरिबाचे खाणे, ही लाजही घरात शिरली. मुलाची रुची बिघडली असे म्हणण्यापेक्षा ती घडविणारी परिस्थितीच मोडली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

शाळेच्या परसबागेचे महत्त्व येथे आहे. स्वतः बी टोकले, पाणी घातले, पानावरची अळी वेचली, की मेथी कडू असली तरी मूल ती चाखून पाहते. आणि ज्या अंबाडीची घरी लाज वाटते तीच गुरुजींच्या देखत वाफ्यात वाढली की तिला प्रतिष्ठा येते. ही कल्पना नवी नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीच्या ज्ञानाचा समावेश मागितला होता. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मानाने फारच उशिरा.

तथापि परसबाग ही शिकण्याची जागा आहे, पुरवठ्याची नव्हे. पोषण आहार योजनेच्या प्रमाणानुसार प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ५० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गातील मुलास ७५ ग्रॅम भाजी मिळावयास हवी. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेस दिवसाला पाच किलो, म्हणजे दोनशे दिवसांस एक टन! शाळेमागच्या चार वाफ्यांतून एवढी भाजी कशी निघावी? ही शंका अकारण नाही. राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मुलांच्या अंड्यांसाठीचा निधी बंद केला आणि अंडी द्यावयाची तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सुचविले. उद्या भाजीच्या बाबतीतही ‘तुमची बाग आहेच’ असे उत्तर येणारच नाही, याची खात्री कोणी द्यावी? १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या शिक्षणयोजनेतील स्वावलंबनाच्या अंगास अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी हरकत घेतली होती. हाताला काम देऊन शिकविणे निराळे आणि मुलाच्या श्रमातून शाळेचा खर्च भागविणे निराळे. हा भेद आपल्या चळवळीतही पुष्कळदा विसरला जातो.

दुसरी अडचण पाण्याची. या भागात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचेच हाल. तेव्हा बाग जून ते फेब्रुवारी एवढ्या काळाचीच धरावी. हात व भांडी धुतल्याचे पाणी वाफ्यांकडे वळविता येते. शेवगा एकदा लागला की थोडक्या पाण्यावर तग धरतो. कुंपण आणि नळजोडणी यांचा खर्च मात्र ग्रामपंचायतीने उचलावा, शिक्षकाच्या खिशातून तो होऊ नये. आणि पाणी आणण्याचे काम मुलींच्या व वाफा खणण्याचे मुलांच्या वाट्याला, किंवा झाडलोट ठरावीक वस्तीतल्याच मुलांकडे, असे होत असेल तर त्या बागेत जुनी उतरंडच रुजते.

सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. मुखेड-कंधार पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. पावसाळ्यात ज्याने वाफे तयार केले, ते मूल मेथी-पालक काढणीला येतो तेव्हा फडावर पाचट गोळा करीत असते. गावात राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. ते दिवाळीपूर्वी सुरू होते की मुले निघून गेल्यावर, याची चौकशी मुखेडच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांतून करावी. त्याच सभेत भाजीच्या खर्चाची नोंदवहीही मागावी.