आईची उंची शेवटची कधी मोजली?

आपल्या घरात मुलांची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकातही ती लिहिलेली असते. पण पन्नाशी उलटलेल्या बाईची उंची कोणी मोजत नाही. मग एखाद्या लग्नकार्यात सगळे फोटोला रांगेत उभे राहतात आणि लक्षात येते, आई पूर्वी बाबांच्या कानाला लागायची, आता खांद्यालाही लागत नाही. त्यावर घरात बोलणे एवढेच होते, "वय झालं, वाकली बिचारी." आणि विषय तिथेच संपतो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा विषय तिथे संपू देऊ नका. वयाने थोडी उंची कमी होते हे खरे. दोन मणक्यांमधली गादी झिजते, त्यात काही उंची जाते. पण त्याहून बरीच जास्त उंची गेली तर मणकाच दबलेला असू शकतो. हाडे आतून पोकळ, ठिसूळ झालेली असतात. डॉक्टर ह्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. असा मणका पडल्याशिवायही मोडतो. पाण्याचा हंडा उचलताना मोडतो, वाकून लादी पुसताना मोडतो, जोराच्या खोकल्यानेही मोडतो. हातपाय मोडला तर माणूस ओरडतो, प्लास्टर घालतो. मणका मात्र पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपतो. पाठीत चमक भरली म्हणून बाई मलम चोळते आणि आठवड्याने कामाला लागते. असे मोडलेले दर तीन मणके घेतले, तर त्यांतले दोन कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

ह्यात खरा धोका पुढचा आहे. एक मणका मोडला की शेजारच्यांवर भार येतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले, की मणका नव्याने मोडलेल्या पाच बायकांपैकी एकीचा वर्षभरात आणखी एक मणका मोडला. त्यानंतर भीती खुब्याची. खुबा मोडला की ऑपरेशन, अंथरूण, आणि घरातल्या एका माणसाचा रोजगार बुडणे हे आलेच.

मोजायचे कसे?

सकाळी मोजावे, कारण संध्याकाळी सगळ्यांचीच उंची थोडी कमी भरते. अनवाणी, भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभे राहावे. अंबाडा असेल तर सोडावा. नजर समोर ठेवावी. डोक्यावर जाड पुठ्ठ्याची वही आडवी धरून भिंतीवर खूण करावी आणि टेपने मोजावे. तारीख घालून लिहून ठेवावे. दरवर्षी एकदा, त्याच भिंतीला, तसेच मोजावे.

तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड इंच कमी भरली, किंवा पूर्वी मोजलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटर घटली, तर पाठीचा एक्स-रे काढावा असा डॉक्टरांचा संकेत आहे.

पण तरुणपणीची उंची आठवते कोणाला? मी कारकून माणूस, म्हणून एक उपाय सांगतो. सरकारी वा महापालिकेच्या नोकरीत असलेल्यांच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर उंचीची नोंद असते. जुन्या नोकरीच्या वैद्यकीय दाखल्यावरही ती सापडते. काहीच नसेल तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावे. ते माप तरुणपणीच्या उंचीच्या जवळपास असते. हा अंदाजच, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

माझ्या माहितीतल्या एक मावशी सफाई खात्यातून निवृत्त झाल्या. पेन्शनच्या कामासाठी सेवापुस्तक पाहिले, त्यात उंची पाच फूट एक इंच. भिंतीला उभे करून मोजले तर चार फूट साडेदहा इंच. अडीच इंच उंची गेली आणि घरात कोणाला पत्ता नाही! एक्स-रेत दोन मणके चेपलेले निघाले. मावशींना आठवले ते एवढेच, की चार वर्षांपूर्वी बादली उचलताना पाठीत चमक भरली होती.

कोणाला धोका अधिक?

पाळी गेल्यावर स्त्रीच्या हाडांची झीज वेगाने होते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. पण ज्यांचे गर्भाशय काढताना अंडाशयेही काढली जातात, त्यांची झीज त्याच दिवसापासून सुरू होते, मग वय तीस का असेना. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली, असा सरकारने नेमलेल्या समितीचा २०१९ चा अहवाल सांगतो. ह्या भगिनी उद्या साठीच्या होतील. त्यांच्या पाठीचा विचार आजच व्हायला हवा. ज्यांचे असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी कागद काढून पाहावे, अंडाशये ठेवली की काढली.

दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ज्यांनी महिनोन् महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, त्यांनाही धोका मोठा. गुडघेदुखीवर "देशी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदा स्टिरॉइडच मिसळलेले असते. विडी, दारू आणि अपुरे खाणे हीही कारणे आहेत. ओझी वाहून कष्ट केलेल्या पुरुषांनीही आपण सुटलो असे समजू नये.

पाठदुखीबरोबर बारीक ताप येतो, वजन घटते, रात्री वेदना झोपू देत नाहीत, असे असेल तर मणक्याचा क्षय किंवा हाडाचा कर्करोगही असू शकतो. तेव्हा लगेच मोठ्या रुग्णालयात जावे. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी जावे. मणका "बसवून" देणाऱ्याकडे मात्र कधीच जाऊ नये. ठिसूळ मणक्यावर दाब दिला तर तो आणखी मोडतो.

वस्तीत कधी कधी हाडांच्या मोफत तपासणीचे शिबिर भरते. टाच यंत्रात ठेवतात आणि निम्म्या लोकांना "हाडे कमजोर" असा कागद देऊन टॉनिक विकतात. त्यावरून रोग ठरत नाही. कमरेची आणि खुब्याची डेक्सा नावाची तपासणी असते. तिच्यात उणे २.५ किंवा त्याखाली आकडा आला तर ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ सालची व्याख्या आहे. मात्र धक्का नसता मणका मोडलेला एक्स-रेत दिसला, तर डेक्साचा आकडा बरा आला म्हणून औषध टाळू नये.

औषध कोणते निवडावे?

पहिली गोष्ट, गेलेली उंची कोणत्याही औषधाने परत येत नाही. औषध घ्यायचे ते पुढचा मणका वाचवण्यासाठी. उंची वाढवून देण्याची भाषा करणाऱ्याला पैसे देऊ नका.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा पाया आहे. पण मणका मोडलेल्या बाईला तेवढ्याने भागत नाही. पुष्कळ घरांत कॅल्शियमच्या गोळीला "हाडाचे औषध" समजून वर्षे काढतात, तिथेच नुकसान होते.

आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सर्वांत जुनी आणि स्वस्त. मणके मोडण्याचे प्रमाण तिने जवळजवळ निम्म्यावर येते. घेण्याचे नियम कडक आहेत. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहा नाही, खाणे नाही आणि आडवे होणे नाही. नियम मोडला तर अन्ननलिका भाजल्यासारखी होते.

गोळी सोसत नसेल तर झोलेड्रोनिक आम्लाचे वर्षातून एकदा सलाईन असते. मणके मोडणे त्याने सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी होते. आधी मूत्रपिंडाची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची भरपाई करावी लागते. पहिल्या वेळी एकदोन दिवस ताप येतो, त्याला घाबरू नये.

डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. गुण चांगला आहे, पण एक अट लक्षात ठेवा. ते मध्येच थांबवले आणि त्याच्या जागी दुसरे औषध दिले नाही, तर हाडांची झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके मोडू शकतात. पैसे नाहीत म्हणून "ह्या खेपेला राहू दे" असे ह्या औषधाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

टेरिपॅराटाइडचे इंजेक्शन रोज, दोन वर्षांपर्यंत घ्यायचे असते. नवे हाड तयार करणारे हे औषध खूपच ठिसूळ हाडांसाठी आहे, आणि खर्चाचे आहे. ते संपल्यावरही दुसरे औषध सुरू ठेवावे लागते.

मोडलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याचाही सल्ला मिळतो. २००९ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांत खरे सिमेंट आणि नुसते भरल्याचे भासवणे, दोन्हींनी वेदना सारखीच कमी झालेली दिसली. म्हणून घाईने कर्ज काढून ते करू नये. बहुतेकांची वेदना सहा ते बारा आठवड्यांत उतरते.

ह्या औषधांनी जबड्याचे हाड कुजते असे ऐकून काहीजण गोळी बंद करतात. तसे होते, पण फार क्वचित. दात काढायचे असतील तर औषध सुरू करण्यापूर्वी काढून घ्यावेत. मांडीचे हाडही क्वचित मोडते. म्हणून मांडीत नवी ठणक लागली तर सांगावे, आणि पाच वर्षांनी, सलाईन असेल तर तीन वर्षांनी, पुढे चालू ठेवायचे की नाही हे डॉक्टरांना विचारावे.

मग निवडावे काय? आपल्यासारख्या कुटुंबाने डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : हे औषध किती वर्षे, आणि शेवटपर्यंतचा खर्च किती? त्या मावशींच्या मुलाने प्रेमापोटी सर्वांत भारी इंजेक्शन आणायचे ठरवले होते. मावशी म्हणाल्या, "दर सहा महिन्यांनी आणशील ना? तुझी नोकरी कंत्राटी." गोळी त्यांना पित्तामुळे चालली नसती. शेवटी डॉक्टरांशी बोलून वर्षातून एकदाचे सलाईन ठरले. नियमाने घेतलेले साधे औषध हे अर्ध्यावर सोडलेल्या महागड्या औषधापेक्षा केव्हाही चांगले. आणि ठरवताना जिची पाठ आहे तिला विचारा. तिच्या डोक्यावरून निर्णय नको.

मुलगा किंवा मुलगी ई.एस.आय. मध्ये असेल तर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही तिथे उपचार मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जनऔषधी केंद्रात कॅल्शियमची गोळी स्वस्तात मिळते. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितली तितकेच आठवडे घ्यावी. वर्षभर घेत राहिल्यास अपाय होतो.

गेलेल्या उंचीसह जगताना

उंची गेली की फासळ्या कमरेजवळ येतात. पोट पुढे येते, ते चरबीचे नसते. म्हणून उपास करू नये. थोडे खाल्ले तरी पोट भरते, तेव्हा दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, दूध, ताक, काट्यासकट खाल्ले जाणारे जवळा-मांदेली ह्यांतूनही ते मिळते. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागते. डाळ आणि अंडे सोडू नये.

साडी पायात येऊ लागते आणि तीच पाडते. ती वर खोचून नेसावी किंवा खालून दुमडून शिवून घ्यावी. रोजचे डबे खालच्या फळीवर आणावेत, स्टुलावर चढणे बंद. हंडा भरण्याचे काम घरातल्या तरुणांनी घ्यावे, मुलग्यांनीही. केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू आणावा. खालची वस्तू उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकावे. रात्री संडासच्या वाटेवर दिवा असावा, आणि आत धरायला लोखंडी दांडी. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर काढून घ्यावा.

पुढे वाकण्याचे व्यायाम, पायाचे अंगठे धरणे, पश्चिमोत्तानासन, हलासन हे करू नयेत. भिंतीला पाठ लावून खांदे मागे नेणे, हनुवटी आत घेणे आणि रोज चालणे हे करावे. पोक काढून बसण्याने गेलेली थोडी उंची त्याने परतही मिळते. विहारात जमिनीवर डोके टेकवण्याऐवजी खुर्चीवर बसून हात जोडले तरी वंदना होते. तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवणे हे तरुण मंडळाचे काम आहे.

आयुष्यभर इतरांची ओझी उचललेल्या बाईला म्हातारपणी वाकणे आलेच, असे समजून आपण गप्प बसतो. हे वाकणे पुष्कळसे टाळता येते, आणि सुरुवातीला खर्च फक्त एका टेपचा आहे. येत्या रविवारी घरातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांची उंची मोजा. आकडा आणि तारीख वहीत लिहा. दीड इंच कमी भरली तर ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि सांगा, "पाठीचा बाजूने एक्स-रे काढायचा आहे."