वाचायला सहा हजार कोटी, सोबत बसायला?

१ जानेवारी २०२५ पासून देशातल्या सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिके वाचायला खुली झाली. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशक, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक असा तिचा पसारा आहे. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्याइतकेच वाचायला मिळावे, हा हेतू मोलाचा आहे, आणि त्यावरचा खर्च वायफळ म्हणता येणार नाही.

पण शोधनिबंध वाचणारा आपोआप संशोधक होत नाही. त्यासाठी कुणीतरी हाताला धरून कामाला बसवावे लागते, चुका दाखवाव्या लागतात. अशा एकत्र येण्याला देशाच्या संशोधन धोरणात जागा फार थोडी आहे.

अशा एकत्र येण्याचे मोल किती, हे पाहायला पुणे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या जिद्दीतून ती उभी राहिली. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर जवळपास नव्वद टक्के आकाश न्याहाळले. त्या नोंदी संग्रहात गेल्या आणि ठरलेली मुदत संपल्यावर सर्वांसाठी खुल्या झाल्या. मग परदेशात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका चमूने त्या नव्या पद्धतीने तपासल्या आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. यादी आणि चित्रे कुणालाही फुकट मिळतात.

तरीही बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी ती चित्रे उघडून काय करणार? समोरचा पांढरा डाग दूरची आकाशगंगा आहे की प्रक्रियेतली त्रुटी, हे तिला कोण सांगणार?

डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड ॲट होम’ या नागरिक-विज्ञान उपक्रमाने हीच अडचण ओळखली. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिबिरात बोलवायचे, एकच आकाशगंगा दृश्य प्रकाशात आणि रेडिओ लहरींत कशी दिसते हे त्यांच्याकडून एकावर एक चित्रे ठेवून तपासून घ्यायचे आणि शिबिर संपल्यावरही ऑनलाइन चर्चा चालू ठेवायची, अशी ही पद्धत. विद्यार्थ्यांच्या नजरेत काही वेगळे भरले, तर जीएमआरटीवर निरीक्षणाचा वेळ मागितला जातो. २०२२ मध्ये या गटाने जाहीर केलेल्या ‘रॅड १२’च्या शोधात एका आकाशगंगेच्या केंद्रातून निघालेला झोत थेट शेजारच्या आकाशगंगेवर आदळताना दिसतो. तो निबंध ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. खुली माहिती तर आधीपासून होतीच; शिबिरांनी तिला वाचणारे डोळे दिले. ‘हे नागरिक हौसेने करतात, त्यात संशोधन कसले’ असे म्हणणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

पक्ष्यांच्या बाबतीत तर हे काम कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाले. फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारत २०१३ पासून भाग घेतो. चार दिवस ठरलेले, किमान पंधरा मिनिटे पाहायचे, दिसलेले सगळे पक्षी नोंदवायचे. केरळमध्ये ओणमला, तमिळनाडूत पोंगलला, आसामात बिहूला अशाच मोजण्या होतात. सण आणि मोजणी यांची गाठ घालण्याची कल्पना फार सुंदर आहे, कारण घरी आलेली माणसे त्यात सहज ओढली जातात. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालामागे ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. ९४२ जातींचा अभ्यास झाला, त्यांतल्या १७८ जातींच्या संवर्धनाला सर्वाधिक प्राधान्य द्यायला हवे असे निघाले. मोर आणि कोकीळ वाढले, नीलपंख घटला. पगारी कर्मचारी नेमून एवढे काम कोणत्याही खात्याला जमले नसते.

जोर ओसरला की काय होते, तेही देशाने पाहिले आहे. सीएसआयआरने २००८ मध्ये क्षयरोगावरच्या औषधासाठी ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा प्रकल्प सुरू केला. क्षयाच्या जिवाणूच्या सुमारे चार हजार जनुकांची माहिती नव्याने तपासायला शेकडो विद्यार्थी पुढे आले, त्यातून शोधनिबंधही निघाला. पुढच्या दशकात मात्र हा प्रकल्प मंदावला. एवढी तयार झालेली मुले त्यानंतर कुठे पांगली, याची खंत धोरण ठरवणाऱ्यांना वाटायला हवी. कार्यक्रम एकदा घेऊन भागत नाही. तो दरवर्षी, ठरल्या वेळी आणि काहीतरी ठोस काम हातात घेऊन व्हायला हवा.

सदस्यत्व योजनेचा खर्च वर्षाला सरासरी २,००० कोटी आहे. त्याच्या एक टक्का, म्हणजे २० कोटी, अशा शिबिरांसाठी, मोजण्यांसाठी, एकत्र बसून माहिती तपासण्याच्या सत्रांसाठी वेगळे काढले तर जिल्ह्याजिल्ह्यांत काम उभे राहील. महाराष्ट्राला तर दिल्लीची वाट पाहण्याचीही गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणात इथल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. पण बाजारातून छापून आणलेले अहवाल जोडून ते मिळवण्याचा धोका उघड आहे. त्याऐवजी जीएमआरटीच्या खुल्या नोंदी तपासणे, गावच्या तळ्यावर वर्षभर पक्षी मोजणे, अशी कामे त्या श्रेयांकांत धरता येतील. प्रशिक्षण मराठीत हवे. विज्ञान दिनाला खोडदच्या प्रदर्शनात खेड्यापाड्यांतली मुले दुर्बिणीविषयी जे प्रश्न विचारतात, ते मराठीतच.

प्राध्यापकांचाही विचार व्हायला हवा. पदोन्नतीत शोधनिबंध मोजले जातात; माहिती खुली करणे, तीस मुलांना ती वाचायला शिकवणे यांची किंमत फारशी होत नाही. ती गुणांकनात आली नाही, तर शनिवार-रविवार खर्ची घालणारे मोजके प्राध्यापक किती काळ टिकणार? सदस्यत्व योजनेची मुदत २०२७ अखेर संपते. पुढच्या टप्प्याचा आराखडा करताना केंद्राने विद्यापीठांत किती निबंध डाउनलोड झाले एवढेच विचारू नये. त्यांच्या आवारात किती मुलांनी खुली माहिती हाताळली आणि किती जणांची नावे निबंधावर आली, हेही विचारावे.