बाग सार्वजनिक, मग किल्ली कोणाच्या खिशात?



5 जून आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात आणि फोटो काढले जातात. सगळेच फोटोसाठी येतात असे मी म्हणणार नाही. डोंबिवलीजवळच्या उंबार्ली टेकडीवर भर उन्हाळ्यात पाण्याचे कॅन वाहून नेणारे आणि वणव्यात जळालेल्या जागी पुन्हा रोप लावणारे लोक आहेत. त्यांच्या कष्टाला मनापासून जयभीम. माझे भांडण झाडांशी नाही, घाम गाळणाऱ्यांशी तर मुळीच नाही. भांडण कुलपाशी आहे.

मी कल्याण पूर्वेत एका वस्तीत काम करते. जवळच एक छोटी सार्वजनिक बाग आहे. शेजारच्या सोसायट्यांतील काही मंडळींनी ती सांभाळायला घेतली. कचरा गेला, झाडे वाढली, चांगलेच झाले. मग एके दिवशी फाटकावर पाटी लागली: सकाळी दहा ते दुपारी चार बंद. कारण विचारले तर उत्तर आले, "दुपारी नको ते लोक येऊन बसतात."

हे नको ते लोक कोण? धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मावश्या. त्यांची सकाळची कामे दीडला संपतात, संध्याकाळची चारला सुरू होतात. मधल्या वेळात घरी जाऊन परत येणे परवडत नाही. त्या झाडाखाली डबा खायच्या, पाय पसरून घटकाभर पडायच्या. आता जिन्याखाली बसतात. ज्यांच्या घरी गॅलरी आहे त्यांच्यासाठी बाग सकाळ-संध्याकाळ उघडी, आणि जिला दहा बाय दहाची खोली आहे तिच्या सवडीच्या वेळी बंद!

मी विरोध केला तेव्हा एक काका म्हणाले, "आम्ही फुकट राबतो, मग नियम आम्ही का नाही करायचे?" मूळ मुद्दा हाच आहे. सेवेतून मालकी येते का?

संविधानाचे कलम 15(2) वाचा. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेला अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येत नाही. पाटीवर कोणाची जात लिहिलेली नाही, हे मान्य. पण महाडचा इतिहास काय सांगतो? 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले, तरी आपल्या माणसांना पाणी मिळाले नाही. म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना तिथे ओंजळ भरावी लागली. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ ठरावात नसतो, वापरात असतो.

आता "फुकट राबणे" या शब्दांकडे वळू. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामे वेठीने केली. त्यातून कोणाला गावाची मालकी मिळाली? 1928 मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते याच वेठीच्या विरोधात. कलम 23 ने वेठबिगारीला बंदी घातली. रविवारी दोन तास झाडू मारणारा सत्काराला पात्र ठरतो आणि रोज आठ तास झाडू मारणारा कंत्राटी कामगार किमान वेतनासाठी चकरा मारतो, ही कसली समाजसेवा? बागा आणि मैदाने हा विषय 74 व्या घटनादुरुस्तीने 12 व्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांत घातला आहे. स्वयंसेवक आले म्हणून माळी कमी होणार असतील, तर ती सेवा एका गरिबाच्या ताटातली भाकरी काढते.

शेजारच्या मुंबईकडे पाहा. मोकळे भूखंड देखभालीसाठी खासगी संस्थांकडे दिले आणि काहींवर पैसेवाल्यांचे क्लब उभे राहिले. जानेवारी 2016 मध्ये दत्तक धोरण पुन्हा आणले तेव्हा एवढा गदारोळ झाला की ते थांबवावे लागले. दत्तक घेतलेले मूल मोठे होऊन स्वतःचे आयुष्य जगते. दत्तक घेतलेली जमीन मात्र घेणाऱ्याच्याच घरी राहते.

"पण दारुडे येतात, नासधूस होते," असे म्हणतील. दारुडे रात्री कुंपणावरून येतात, त्यांना दुपारचे कुलूप अडवत नाही. तुम्हाला खरेच बाग वाचवायची असेल तर दिवसभर पगारी रखवालदार मागा, पाण्याचा नळ मागा, बायकांसाठी स्वच्छतागृह मागा. आम्ही तुमच्यासोबत मोर्चात येऊ.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बागेची वेळ महापालिकेने ठरवावी आणि ती दुपारीही उघडी राहावी. देखभाल समितीत वस्तीतील महिला आणि तिथले सफाई कामगार असावेत. बागेत राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला पूर्ण किमान वेतन मिळावे.

आता दोन शब्द आपल्याच लोकांसाठी. विहाराच्या अंगणातल्या पिंपळाला आपण न चुकता पाणी घालतो, पण अंगणाबाहेरची बाग त्यांची म्हणून सोडून देतो. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला वड लावले ते माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. त्याच्या शिलालेखाचे तुकडे आपल्या शेजारी सोपाऱ्यात सापडले आहेत. त्या सावलीखाली बसणाऱ्याला कोणी वेळ विचारली नव्हती. तेव्हा येत्या रविवारी फावडे घेऊन तुमच्या भागातल्या बागेत जा. झाडाला पाणी घाला आणि समितीच्या बैठकीतही बसा. घामही आपला आणि हक्कही आपला!

मावश्यांना मात्र कोणतेही फावडे न उचलता त्या झाडाखाली बसता आले पाहिजे. ती बाग कायद्याने आजही त्यांचीच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!