बंदूक गेली, पारध राहिली

दिवाळीची सुटी जवळ येऊं लागली कीं आमच्या अंबरनाथ-बदलापुरच्या सुशिक्षित घरांतून एका मोहिमेची आखणी सुरू होते. कोणी ताडोब्याचें आरक्षण पाहतो, कोणी उत्तरेकडील तराईंतल्या कॉर्बेट अरण्याचा बेत करतो. कल्याणास कोणती गाडी पकडावी, जिप्सी कोणत्या फाटकानें आंत न्यावी, कोणत्या पाणवठ्यावर कोणती वाघीण येते, याचा खल रात्रीं उशिरांपर्यंत चालतो. परत आलेल्या मंडळींस शेजारी एकच प्रश्न विचारतात, ‘दिसला का?’ दिसला असेल तर प्रवास सार्थकीं लागला, नसेल तर पैसे पाण्यांत गेले! हा सगळा प्रकार पाहून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, आपण बंदूक खालीं ठेविली खरी, परंतु शिकार कांहीं सोडली नाहीं.

हें विधान कित्येकांस अन्यायाचें वाटेल. रक्ताचा थेंबही न सांडतां केवळ छायाचित्र घेऊन येणाऱ्या गृहस्थास शिकारी म्हणावयाचें तें कां? हा आक्षेप क्षुल्लक नाहीं, आणि त्यांतील सत्य आम्ही प्रथमच मान्य करतों. ताडोब्याच्या रानांत १९३५ सालीं शिकारीस बंदी झाली. पुढल्याच वर्षीं हिमालयाच्या पायथ्याशीं हेली नांवाचें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. तेंच आज जिम कॉर्बेटच्या नांवानें ओळखलें जातें, आणि त्या नामांकित शिकाऱ्यानेंही उत्तरवयांत बंदुकीपेक्षां कॅमेऱ्यासच अधिक मान दिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाची हत्या हा भारी अपराध ठरविला. २०२२ च्या गणनेंत महाराष्ट्रांत ४४४ वाघ असावेत असा अंदाज निघाला. शिवाय वाघ पाहावयास येणाऱ्यांच्या पैशांतून रानाकांठच्या गांवांतील तरुणांस मार्गदर्शकाची व वाहनचालकाची रोजी मिळते, हेंही खोटें नाहीं.

तथापि शिकारीचें मर्म रक्तांत नसून हक्कांत आहे. ‘मीं पैसे मोजले आहेत, सबब हें जनावर अमुक वेळीं माझ्यापुढें आलेंच पाहिजे’, हा तो हक्क. संस्थानिक मचाणावर बसत, हांकारे रान उठवीत, आणि कातडें दिवाणखान्याच्या भिंतीवर लागे. आज मचाणाच्या जागीं जिप्सी आली, हांकाऱ्यांच्या जागीं एकमेकांस वर्दी देणारे चालक आले, आणि कातड्याच्या जागीं मोबाईलवरचा फोटो आला. सावजाच्या वाट्यास येणारा कोंडमारा मात्र तोच आहे.

ही आमची कल्पना नव्हे. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं नागपुरानजीकच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एफ-टू नांवानें ओळखली जाणारी वाघीण व तिचे पांच बछडे यांस दोन्ही अंगांनीं पर्यटकांच्या गाड्यांनीं कोंडून धरलें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची आपण होऊन दखल घेतली. चालक व मार्गदर्शक निलंबित झाले. हें योग्यच झालें. परंतु रानांत गाडी पुढें दामटणारा चालक ती स्वतःच्या हौसेखातर दामटीत नाहीं. त्याचें लक्ष मागें बसलेल्या पाहुण्याच्या बक्षिसाकडे असतें, आणि तो पाहुणा आमच्यातुमच्यांतलाच पदवीधर असतो.

आतां या हौसेची दुसरी बाजू आपल्याच गांवीं पाहावी. बदलापुरास उतरून बारवी धरणाच्या वाटेस लागलें कीं थोड्याच अंतरावर रान सुरू होतें. या रानांत बिबट्याचा वास आहे. उल्हासनगरच्या नळास आणि भोंवतालच्या कारखान्यांस याच बारवीचें पाणी मिळतें. परंतु वाघिणींचीं नांवें तोंडपाठ असणाऱ्या आमच्या मित्रांपैकीं या रानांत एकदां तरी पायीं हिंडून आलेले किती निघतील? २०१९ च्या जानेवारींत उल्हासनगरच्या भरवस्तींत एक बिबट्या शिरला व वनखात्यानें त्यास बेशुद्ध करून नेलें. भरवस्तींतलें जनावर हलविणें भागच होतें. पण रानाच्या कडेस नुसतें ओझरतें दिसलेलें जनावरही पकडून दूर सोडा, अशी मागणी करण्यांत हींच सुशिक्षित घरें पुढें असतात! जें पाहण्यासाठीं हजारों रुपये मोजून शेंकडों कोस जावयाचें, तेंच आपल्या दारीं आलें कीं हद्दपार करावयाचें, याला निसर्गप्रेम कसें म्हणावें?

बरें, या हद्दपारीनें माणसाचें तरी रक्षण होतें काय? २००१ सालापासून जुन्नर भागांत बिबटे पकडून दूर सोडण्याचा सपाटा चालला. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा अभ्यास केला, तेव्हां माणसांवरील हल्ले कमी न होतां उलट वाढल्याचें आढळून आलें. ज्या शेतकऱ्याचें मूल बिबट्यानें नेलें त्याच्या संतापापुढें आम्ही मान खालीं घालतों. त्यास उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु गच्चीवरून रान पाहणाऱ्या नोकरदार वर्गाचें तसें नाहीं. आपल्या वसाहतीचा उकिरडा आणि त्यावर पोसलेलीं भटकीं कुत्रीं बिबट्यास वस्तीकडे ओढून आणतात. तो उकिरडा हलविण्यास बंदूक लागत नाहीं कीं पिंजराही लागत नाहीं.

आमचें म्हणणें कोणीं ताडोब्यास जाऊं नये असें नाहीं. अवश्य जावें, परंतु चालकास प्रथमच बजावून सांगावें कीं, वाघ न दिसला तरी चालेल, गाडी वाटेवरच राहूं दे आणि जनावराची वाट मोकळी असूं दे. आणि त्याहीपूर्वीं एका रविवारीं मुलांस घेऊन बारवीच्या रानाकडे जावें, आपल्या घरचें पाणी कोठून येतें तें त्यांस दाखवावें. तेथें बहुधा बिबट्या दिसणार नाहीं. न दिसतांही तो तेथें असावा, असें ज्या दिवशीं त्या मुलांस मनापासून वाटेल, त्या दिवशीं आपल्या घरांतून शिकार खरोखर गेली असें आम्ही समजूं.