खडकपूर्णेची टॅली कुणाच्या वहीत?



देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबाचं जन्मगाव म्हणून सांगतात. म्हणून खडकपूर्णा धरणाच्या पाण्याला नाव दिलं संत चोखासागर. नाव द्यायला काय लागतं? १३३८ साली चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करता करता ढिगाऱ्याखाली मेला. गावकुसाबाहेरचा माणूस, गावकूस बांधताना मेला. आज त्याच्या नावाच्या पाण्यात चोरट्या बोटी फिरतात आन् तळाची वाळू ओढतात. महसूलवाले येतात, जिलेटिन लावून बोट उडवतात. पेपरात फोटो येतो. पुन्हा दुसरी बोट हजर. बोट उडते, बोटीचा मालक उडत नाही. त्याचं नाव फोटोखाली कधी वाचलंय?

पकडला जातो तो ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. नाहीतर फावडं मारणारा वस्तीतला पोरगा. नदीची वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरी आटतात, आन् हंडा घेऊन लांब जाते ती त्याच पोराची माय.

कायदा नाही म्हणू नका. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम ४८(७) आहे, चोरीच्या वाळूला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगणारं. गाडीगणिक परवाना काढणारी 'महाखनिज' यंत्रणा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर म्हणतं, कुणी मागायच्या आधीच कागद उघडे करा. सगळं आहे. फक्त गावासमोर वाचून दाखवत नाहीत.

मी गोदीत ओझी वाहतो. तिथं हमालाच्या पाठीवरलं पोतं न् पोतं टॅलीत चढतं. एक कमी भरलं तर सगळी टोळी उभी करतात. गरिबाच्या पाठीची मोजणी इतकी चोख, आन् अख्खी नदी बेहिशेबी?

२०२३ ला सरकार म्हणालं, सहाशे रुपये ब्रासनं वाळू घ्या. २०२५ ला धोरण फिरलं, लिलाव परत आले. त्यात घरकुलवाल्याला पाच ब्रासपर्यंत वाळू फुकट लिहिलीय. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मग रमाई घरकुलाच्या जोत्यावर उभ्या असलेल्या बाईला विचारा, बये, तुझे पाच ब्रास आले का?

घटनेचं कलम ३९(ब) म्हणतं, समाजाची भौतिक साधनसंपत्ती सगळ्यांच्या हिताला लागेल अशी वाटली जावी. बाबासाहेबांच्या घटनेतलं हे वाक्य आपण भाषणात फेकतो, आन् जयंतीच्या कमानीवर वाळूवाल्याचा फोटो लावतो. ही कमान आधी उतरवा! त्याच्या वर्गणीचा डीजे वाजत असताना त्याला हिशेब कोण विचारणार?

मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा इकडची गावं असलेली पोरं या शहरात ढिगानं आहेत. पुढच्या ग्रामसभेला गावी जा. चारच प्रश्न टाका, आन् उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. घाट कुणी घेतला? किती ब्रास उपसले? पैसा किती आला आन् कुठं गेला? दंड किती लावला, वसूल किती झाला?

१९२७ ला महाडला तळ्याचं पाणी आपण ओंजळीत घेतलं. ते कुणाच्या मेहरबानीनं नव्हतं. नदी सगळ्यांची आहे, तर तिचं दप्तरही सगळ्यांचं आहे. चोखोबाला पायरीशी थांबवलं. आपण तहसीलच्या पायरीशी थांबायचं नाही. आत जायचं, दप्तर उघडायला लावायचं, मोठ्यानं वाचायचं.