आमदारसाहेब, सही करण्याआधी एक प्रश्न विचारा



येत्या जूनमध्ये मध्य प्रदेशातल्या राज्यसभेच्या ३ जागा रिकाम्या होऊन राहिल्या. दिग्विजय सिंह, सुमेरसिंह सोलंकी अन् जॉर्ज कुरियन, या तिघांची मुदत २१ जून २०२६ ला संपते. कोणाला तिकीट, कोणाचा पत्ता कट, याचा हिशोब भोपाळ-दिल्लीत चालतो. आपल्याकडे पानठेल्यावर विषय काढला तर एकच उत्तर मिळते : "आपल्याला काय करायचं बाप्पा? आपण थोडीच मत देतो!"

या एका वाक्यानं आपलं जेवढं नुकसान केलं तेवढं कोणत्याच पक्षानं केलं नाही. म्हणून आज त्याच्यावरच लिहितो.

मत आपण देत नाही, खरं आहे. मत आमदार देतात. पण आमदार कोणाचे? सौसरचे विजय चौरे अन् पांढुर्ण्याचे निलेश उईके यांना विधानसभेत कोणी पाठवलं? तुम्ही-आम्हीच ना? म्हणजे राज्यसभेचं मत आपलंच आहे, फक्त ते दुसऱ्याच्या खिशात ठेवलेलं आहे. खिशात ठेवलेल्या पैशाचा हिशोब मागतो आपण. मताचा काहून मागत नाही?

आता हे मत किती वजनाचं आहे ते बघा. मध्य प्रदेशात आमदार २३०. जागा ३. नियमाप्रमाणे हिशोब केला तर एक उमेदवार निवडून यायला पहिल्या पसंतीची ५८ मतं लागतात. २०२३ च्या निकालात भाजपचे १६३, काँग्रेसचे ६६ अन् भारत आदिवासी पार्टीचा १ आमदार आला. नंतर कोणी पक्ष बदलला, कुठे पोटनिवडणूक झाली, आकडा थोडाफार हलला. पण हिशोबाचं गणित तेच राहते. भाजपनं २ जागांसाठी ११६ मतं वापरली तरी त्यांच्यापाशी ४७ उरतात. काँग्रेसच्या ६६ मधून ५८ गेले तर उरतात फक्त ८. उद्या भाजपनं तिसरा उमेदवार उभा केला तर काँग्रेसला एकेक आमदार सांभाळत बसावं लागेल. त्या थोड्याशा आमदारांत दोघं आपले आहेत. असं वजन आपल्या हाती रोज येत नाही.

अन् फक्त मतच नाही. राज्यसभेचा उमेदवार अर्ज भरतो तेव्हा त्याला प्रस्तावक म्हणून १० आमदारांच्या सह्या लागतात. म्हणजे मतदान झालंच नाही, सगळे बिनविरोध निवडून आले, तरी सह्या तर कोणी ना कोणी केलेल्याच असतात. आपल्या राज्यात २०२२ मध्ये बिनविरोध, २०२४ च्या फेब्रुवारीत बिनविरोध, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुन्हा बिनविरोध. २०२० मध्ये तेवढं मतदान झालं. तेव्हा मतपेटीची वाट बघत बसाल तर गाडी निघून गेलेली असेल. विचारायचं असेल तर सहीच्या आधी विचारा.

काही जण म्हणतील, उमेदवार बाहेरचे असतात, त्यांना पांढुर्णा कुठे आहे हे माहीत तरी असते का? हाव, बाहेरचे असतात. आधी कायदा असा होता की ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचं त्या राज्याच्या मतदारयादीत नाव पाहिजे. २००३ मध्ये ही अट काढली. आता देशात कुठेही मतदार असला तरी चालते. कुलदीप नय्यर यांनी त्याच्याविरुद्ध दाद मागितली, पण सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. म्हणूनच तामिळनाडूचे एल. मुरुगन आपल्या राज्यातून जातात, केरळचे कुरियन आपल्या राज्यातून जातात.

माझं मत थोडं वेगळं आहे. बाहेरचा आहे म्हणून मला राग नाही. केरळच्या, ओडिशाच्या माणसाला मातृभाषा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. राग याचा आहे की आपण त्यांना कधी गाठलंच नाही. अन् किती मोठ्या संधी हातच्या गेल्या ते मोजून बघा.

नजमा हेपतुल्ला २०१२ पासून मध्य प्रदेशातून राज्यसभेवर होत्या. २०१४ ते २०१६ त्या केंद्रात अल्पसंख्याक खात्याच्या मंत्री होत्या. देशातल्या भाषिक अल्पसंख्याकांच्या तक्रारी बघणारं आयुक्तांचं कार्यालय याच खात्यात येते.

प्रकाश जावडेकर २०१४ मध्ये मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेले. पुण्याचा मराठी माणूस. २०१६ मध्ये ते देशाचे शिक्षणमंत्री झाले, अन् २०१८ पर्यंत ते आपल्याच राज्याचे खासदार होते. मराठी माणूस, शिक्षण खातं अन् मध्य प्रदेशची जागा, असा योग पुन्हा येणार आहे का?

धर्मेंद्र प्रधान २०१८ ते २०२४ मध्य प्रदेशातून राज्यसभेवर होते. २०२१ पासून शिक्षणमंत्री. मातृभाषेतून शिकवा म्हणणारं २०२० चं नवं शिक्षण धोरण राबवायची जबाबदारी त्यांच्याकडे.

अन् आता ज्यांची मुदत संपते ते जॉर्ज कुरियन. केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे राज्यमंत्री.

चार माणसं. दोन शिक्षणमंत्री, दोन अल्पसंख्याक खात्याचे. चौघंही भोपाळच्या विधानसभेच्या जोरावर दिल्लीत बसलेले. मी कोणावर आरोप करून नाही राहिलो. मी आपल्याला विचारून राहिलो : आपल्यापैकी कोणी त्यांच्या दारात मराठी शाळेचा कागद घेऊन उभं राहिलं का? आपल्या कोणत्या आमदारानं, कोणत्याही पक्षाच्या, मत देण्याआधी त्यांच्याकडून मराठीबद्दल एक ओळ लिहून घेतली का? दिवाळीत फराळाला अन् पोळ्याला बैल सजवायला आपल्याला मराठीपण आठवते. मताच्या टायमाला काहून आठवत नाही?

आता कोणी म्हणेल, मराठीचं इथे काय अडून राहिलं? बोलतो ना आपण घरी!

घरी बोलतो. माझे वडील मराठीतून शिकले. मी अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत. माझी पोरगी मराठी बोलते फर्राटेदार, पण वाचायला दिली की अडखळते. तीन पिढ्यांत भाषा ओठांवर उरली, डोळ्यांतून गेली. एका सरकारी कार्यालयात, नाव सांगत नाही, मी मराठीत अर्ज दिला तर बाबूनं कागद माझ्याकडेच सरकवला. म्हणाला, "हिंदी में लिख के लाओ." मी लिहून दिला. घाबरलो म्हणून नाही, माहीत नव्हतं म्हणून. नंतर कळलं की संविधानाचं कलम ३५० काय म्हणते : आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्या दिवशी माझ्या खिशात हक्क होता अन् मी रिकाम्या हातानं परत आलो.

आपल्या जामसावळीचा 'ळ' पाटीवर 'ल' झाला. काळ्यांचा काले झाला. लहान गोष्ट वाटते. पण ज्या भाषेचं अक्षरच कागदावर उमटत नाही, ती भाषा कागदाच्या लेखी मेलेली असते.

अन् हे काही भीक मागणं नाही. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. जे असे इकडचे तिकडे राहिले त्यांच्यासाठीच त्याच वर्षी संविधानात दोन कलमं टाकली. ३५० अ म्हणते की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यानं करावी. ३५० ब म्हणते की या सगळ्यावर नजर ठेवायला एक खास अधिकारी असावा. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत साधं सूत्र ठरलं होतं : शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. ज्या भागात १५ टक्क्यांहून जास्त लोक एखादी भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या नोटिसा अन् नियम त्या भाषेतही छापायचे, असंही ठरलेलं आहे. सौसर, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा, पांढुर्णा या पट्ट्यात १५ टक्के मराठी बोलणारे सापडणार नाहीत, असं कोणी छातीठोक सांगेल का?

आधी आपला आकडा छिंदवाडा जिल्ह्याच्या बेरजेत विरघळून जायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा अन् सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. लोकसभेला आपण अजून छिंदवाड्यातच आहोत, पण कलेक्टर आता आपला वेगळा आहे. नव्या जिल्ह्याची पहिली जनगणना २०२७ मध्ये आहे. मातृभाषेच्या रकान्यात घाईघाईत 'हिंदी' लिहू देऊ नका. मोजणारा विचारेल तेव्हा मोठ्यानं सांगा, मराठी. त्या रकान्यावर पुढचं सगळं उभं राहणार आहे.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाही तं कोणी म्हणेल हे फक्त स्वतःपुरतं बघतात. आपल्या जिल्ह्यात गोंडी बोलणारे भाऊ-बहिणी आहेत. पांढुर्ण्याची जागाच आदिवासींसाठी राखीव आहे. मराठी तरी आठव्या अनुसूचीत आहे, ३ ऑक्टोबर २०२४ ला तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. गोंडीचं नाव तर आठव्या अनुसूचीतही नाही. ३५० अ कलम त्यांच्या लेकरांनाही तेवढंच लागू आहे. आपण मराठीचं मागायचं अन् गोंडीवर गप्प बसायचं, तर भोपाळ आपल्याशी जे करते तेच आपण त्यांच्याशी करून राहिलो असं होईल. मागणी एकत्रच करू.

तर आता काम. उमेदवारांची नावं बहुतेक शेवटच्या दिवसांत दिल्लीहून येतात. नाव आल्यावर विचारू म्हणाल तर वेळ उरत नाही. म्हणून आजच आपल्या दोन्ही आमदारांना सांगायचं : नाव कोणाचंही येवो, काँग्रेसचं येवो नाही तं आणखी कोणाचं, सही अन् मत देण्याआधी उमेदवाराकडून या पाच प्रश्नांची लेखी उत्तरं घ्या.

एक. पांढुर्णा जिल्ह्यात मराठी अन् गोंडी मुलांसाठी ३५० अ कलम कसं पाळलं जाते, हा प्रश्न तुम्ही पहिल्या वर्षात सभागृहात विचाराल का?

दोन. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांना या जिल्ह्यात येऊन पाहणी करायला लावाल का?

तीन. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. राज्यसभेचा खासदार तो आपल्या राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात देऊ शकतो. ६ वर्षांत होतात ३० कोटी. त्यातून सौसर अन् पांढुर्ण्याला एकेक वाचनालयाची इमारत द्याल का?

चार. जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयात मराठी अर्ज घेतला जावा, असं राज्य सरकारला लेखी कळवाल का?

पाच. वर्षातून एकदा या जिल्ह्यात येऊन लोकांसमोर हिशोब द्याल का?

पाचही प्रश्न साधे आहेत. कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला 'हो' म्हणायला अडचण नाही. कोणी 'नाही' म्हणालं तर तेही कळू द्या, पुढच्या वेळी कामी येईल.

आमदारांना पक्षाचा आदेश असतो हे मला माहीत आहे. मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवून टाकावी लागते, हेही माहीत आहे. पक्ष सोडा असं आपण म्हणून नाही राहिलो. पक्षाच्याच उमेदवाराला मत द्या, पण फुकट देऊ नका. बाजारात संत्र्याचं कॅरेट भाव ठरल्याशिवाय उचलू देत नाही आपण. मग आपलं मत भाव न विचारता कसं उचलू देतो?

चौरेसाहेब, उईकेसाहेब, आपण दोघंही २०१८ मध्ये अन् २०२३ मध्ये, दोनदा या मातीनं निवडलेले आहात. आपल्याबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच मागतो. जूनमध्ये अर्जावर सही करायला पेन उचलाल तेव्हा सौसरच्या एखाद्या शाळेतलं पोट्टं डोळ्यांसमोर आणा. घरी 'आई' म्हणते अन् शाळेत तो शब्द लिहायला तिला कोणी शिकवलेलं नाही.

बाकी मंडळी, आपण काय करायचं? हे पाच प्रश्न कागदावर उतरवा. मराठीत. खाली आपलं नाव-गाव लिहा, गावातल्या दहा जणांच्या सह्या घ्या अन् आमदाराच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. बाबू म्हणाला हिंदीत आणा, तर कलम ३५० त्याला शांतपणे वाचून दाखवा. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आपण मत देत नाही, असं पुन्हा कोणी पानठेल्यावर म्हणालं तर त्याला हा कागद दाखवा.