वाळवी आणि चेटूक

वाळवी लाकूड खाते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आफ्रिकेतल्या अझांदे लोकांनाही ते पक्के ठाऊक होते. त्यांची वस्ती आजच्या दक्षिण सुदान, कांगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात पसरलेली आहे. इव्हान्स-प्रिचर्ड नावाचा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ १९२६ पासून काही काळ त्यांच्यात जाऊन राहिला, आणि १९३७ साली त्याने त्यांच्या चेटुकाच्या समजुतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातली कणगीची हकीकत मोठी नामी आहे.

या कणग्या म्हणजे मातीने लिंपलेली, लाकडी खांबांवर उभी केलेली अवजड कोठारे. भर उन्हात माणसे त्यांच्या सावलीला बसत, गप्पा मारीत, एखादा बैठा खेळ मांडीत. कधी कणगी कोसळे आणि खाली बसलेले जखमी होत. ती का कोसळली? वाळवीने खांब पोखरले म्हणून. माणसे खाली का होती? ऊन होते म्हणून. इथवर कोणाही इंजिनियरचे त्यांच्याशी भांडण होणार नाही. पण नेमकी हीच माणसे खाली असताना, नेमक्या त्याच घटकेला ती का पडावी? आपण ‘योगायोग’ म्हणतो आणि गप्प बसतो. (त्याने खुलासा काय झाला कोण जाणे!) अझांदे म्हणत, चेटूक.

त्यांची उपमा शिकारीतली होती. पहिला भाला मारणारा आणि दुसरा मारणारा, दोघेही शिकारीचे वाटेकरी. हत्तीने माणूस मारला तर हत्ती पहिला भाला, चेटूक दुसरा. पहिला भाला ते कधी नाकारीत नसत. आणि खोटे बोलणारा किंवा चोरी करणारा चेटुकाकडे बोट दाखवू लागला, तर त्याला कोणी भीक घालीत नसे!

मात्र दुसरा भाला म्हटला की तो फेकणारा शेजारी शोधणे आले, आणि इथे गंमत संपते. मृत्यूचे प्रकरण सुडापर्यंत जाई. कोणी दुखण्याने अंथरूण धरले, तर कोंबडीला विष पाजून तिच्यापुढे संशयिताचे नाव घेत. कोंबडी मेली की नाव ठरले. मग तिचा पंख त्या माणसापुढे ठेवीत. आपण चेटकी आहोत हे बिचाऱ्याच्या गावीही नसे. तरी रीत म्हणून तो तोंडात पाणी घेई, पंखावर फुंकी आणि म्हणे, माझ्या पोटात चेटूक असेलच, तर ते थंड होवो.